विश्लेषण : पहिल्याच सरीत लाइट का जाते? तासगावच्या खांबांवरचे पांढरे आणि करडे इन्सुलेटर

एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास सावळज-मणेराजुरीच्या बाजूला आभाळ काळवंडते. वारा सुटतो, बेदाण्याच्या शेडवर कागद ओढण्याची धावपळ उडते आणि पहिले टपोरे थेंब पडतात न पडतात तोच लाइट जाते. तासगाव तालुक्यात हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की पावसाचा वास आला की लोक आधी मोबाइल चार्जिंगला लावतात. पाऊस दहा मिनिटांत थांबतो. लाइट मात्र कधी तासाभराने येते, कधी मध्यरात्री, तर कधी दुसऱ्या दिवशी दुपारी.

एवढ्याशा पावसाने वीज जाते तरी कशी आणि गेलेली यायला एवढा उशीर का, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग खांबाच्या टोकावर असतो. तार आणि लोखंडी आडवा अँगल यांच्यामध्ये बसवलेला चिनी मातीचा तो ठोकळा म्हणजे इन्सुलेटर. बोलीत त्याला कुणी ‘चिमणी’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत नव्या आणि दुरुस्तीच्या कामांत त्याच्या जागी करड्या रंगाचा, रबरी झालरींचा इन्सुलेटर दिसू लागला आहे. तंत्रज्ञ त्याला कंपोझिट म्हणतात, वायरमन सरळ ‘पॉलिमर’ म्हणतात. तो बसला की लाइट जाणार नाही, असे गावोगाव सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

इन्सुलेटरचे काम नेमके काय?

तारेचा भार पेलायचा आणि तारेतली वीज खांबात उतरू द्यायची नाही, ही दोन कामे त्याला एकाच वेळी करायची असतात. गावाबाहेरून जाणारी तीन तारांची वाहिनी बहुधा ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची असते. हा दाब दोन तारांमधला. एक तार आणि जमीन यांच्यातला दाब साधारण ६३५० व्होल्ट भरतो, घरातल्या २३० व्होल्टच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट. तो दाब आणि खांबाचे लोखंड यांच्यामध्ये वीतभर उंचीचा एक ठोकळा रात्रंदिवस उभा असतो.

सरळ जाणाऱ्या वाहिनीत तार ज्यावर टेकवून बांधतात तो ‘पिन’ इन्सुलेटर. वाहिनी जिथे वळते किंवा संपते, तिथे तारेचा ताण झेलणारा तो ‘डिस्क’. ११ केव्हीच्या डिस्कला साधारण ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास ताण सोसावा लागेल, असे धरून तो बनवतात. इन्सुलेटरला छत्रीसारखे घेर असतात ते शोभेसाठी नव्हेत. वीज पृष्ठभागावरून सरपटत खांबाकडे जाऊ पाहते आणि घेरांमुळे तिची वाट लांबते. ही वाट किती लांब हवी, याचे कोष्टक आहे. जुन्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाने कमी धुळीच्या भागात दर केव्हीला १६ मिलिमीटर, जास्त धुळीच्या भागात २५ आणि अति प्रदूषित भागात ३१. ११ केव्हीच्या वाहिनीचा कमाल दाब १२ केव्ही धरला, तर स्वच्छ हवेत १९२ मिलिमीटर पुरतात, धुळीत ३०० लागतात आणि समुद्रकाठी किंवा राखेच्या परिसरात ३७२.

पाऊस पडताच वीज जाण्यामागचे कारण काय?

दर उन्हाळ्यात सांगितले जाणारे उत्तर असे : चिनी माती उन्हाने तापते, तिच्यावर थंड पाणी पडले की ती तडकते. हे पटते, कारण तापल्या तव्यावर पाणी पडल्यावर काय होते ते सगळ्यांनी पाहिलेले असते. पण पोर्सिलेनचे इन्सुलेटर कारखान्यातून बाहेर पडताना त्यांची तपमानाची चाचणी होते. एकमेकांत ७० अंश सेल्सिअसचा फरक असलेल्या गरम आणि थंड पाण्याच्या हौदांत ते आलटून-पालटून बुडवले जातात आणि त्यात टिकले तरच पास होतात. तासगावच्या कडक उन्हातल्या खांबावर पावसाचा थेंब पडला, तरी फरक ७० अंशांच्या जवळपासही जात नाही. म्हणजे धडधाकट इन्सुलेटर पहिल्या सरीने सहसा तडकत नाही. जो तडकतो, तो आधीच आतून खिळखिळा झालेला असतो.

तो खिळखिळा होण्याची कारणे अनेक. डिस्कमध्ये चिनी माती, वरची लोखंडी टोपी आणि खालची पिन सिमेंटने जोडलेली असतात. वर्षांनुवर्षे हे सिमेंट ओलावा पिऊन किंचित फुगते आणि चिनी मातीवर आतून दाब देते. पिन इन्सुलेटरचे दुखणे वेगळे. त्यात वरची तार आणि आत घुसलेली लोखंडी पिन यांच्यामध्ये चिनी मातीचा काही सेंटीमीटर जाडीचाच थर असतो. आसपास वीज कोसळली की तारेत क्षणभर लाखाच्या घरातला दाब उसळू शकतो. ११ केव्हीच्या इन्सुलेटरकडून ७५ हजार व्होल्टचा असा झटका सोसण्याची अपेक्षा असते. त्यापलीकडे ठिणगी बाहेरून उडाली तर फारसे बिघडत नाही, कारण वाहिनी पुन्हा चालू करता येते. पण झटका आतून, त्या थरातून आरपार गेला, तर केसाएवढे भोक पडते. बाहेरून पाहणाऱ्याला इन्सुलेटर कोराकरकरीत दिसतो. कोरड्या हवेत तो काम रेटतोही. त्या भोकात पाणी शिरले की मात्र खेळ संपतो.

दुसरे कारण धुळीचे, आणि आपल्याकडे बहुधा तेच जास्त महत्त्वाचे. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत तासगावच्या पूर्व भागात पावसाचा पत्ता नसतो. मातीचे रस्ते, वीटभट्ट्या, शेतात पेटवलेले पाचट, गाळप हंगामातली चिमण्यांची काजळी हे सगळे इन्सुलेटरच्या घेरांवर थरथर साचते. कोरडी असताना ही धूळ निरुपद्रवी असते. तिच्यात क्षार असतात आणि ते भिजले की त्यांचे पातळ, वीज वाहणारे पाणी होते. मग पृष्ठभागावरून थोडा थोडा प्रवाह सरपटू लागतो. त्याच्या उष्णतेने काही पट्टे वाळतात, सगळा दाब त्या अरुंद कोरड्या पट्ट्यांवर येतो आणि तिथे ठिणग्या उडू लागतात. रात्री खांबावरून ‘चर्रर्र’ आवाज येतो आणि निळसर ठिणग्या दिसतात, त्या याच. ठिणग्या एकमेकींना जोडल्या की तारेपासून अँगलपर्यंत विजेची वाट मोकळी होते आणि उपकेंद्रातला ब्रेकर पडतो.

गंमत म्हणजे धो धो पाऊस इन्सुलेटरचा मित्र असतो, तो घेर धुऊन काढतो. शत्रू असते ती भुरभुर, दव आणि धुके. फळछाटणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात ज्या पहाटेच्या धुक्याने द्राक्षबागायतदाराला डावणीची धास्ती वाटते, तेच धुके त्याच्या बांधावरच्या इन्सुलेटरलाही भिजवत असते.

मग दोष शोधायला इतका वेळ का लागतो?

इथे थोडा हिशेब करू. दोन खांबांमधला गाळा ६० मीटरचा धरला, तर एका किलोमीटरला सतरा खांब येतात आणि प्रत्येकी तीन याप्रमाणे पन्नासेक इन्सुलेटर. वीस किलोमीटरच्या फिडरवर ते हजारावर जातात. शाखा, डीपीकडे गेलेल्या जोडण्या आणि वळणावरचे डिस्क वेगळेच. या हजारांतला एक गेला की पूर्ण फिडर बंद.

उपकेंद्रातला ऑपरेटर फिडर पुन्हा घेऊन बघतो. तो थांबत नाही, म्हणजे दोष कायमचा आहे. मग जनमित्र मोटारसायकलवर निघतात. वाटेतला एबी स्विच उघडून पुढचा भाग तोडायचा, मागचा चालू करून बघायचा. थांबला तर दोष पुढे, नाही तर मागे. कागदावर हे फार सोपे. प्रत्येक वेळी वाहिनी बरोबर निम्मी करता आली, तर हजार इन्सुलेटरमधून खराब एक शोधायला दहा चाचण्या पुरतील. प्रत्यक्षात एका फिडरवर स्विच असतात मोजके, त्यांतला एखादा गंजून अडकलेला असतो, आणि मधले चार-पाच किलोमीटर शेवटी नजरेनेच तपासावे लागतात. रात्री अकरा वाजता, द्राक्षाच्या मांडवांमधून, चिखलातून, बॅटरीच्या झोतात. फुटून तुकडे पडलेला इन्सुलेटर दिसतो. केसाएवढी चीर गेलेला दिसत नाही. मग संशयित खांबावर परमिट घेऊन चढायचे, तारा अर्थ करायच्या, बांधणी सोडायची आणि मेगर लावून एकेक तपासायचा. त्यात सकाळ होते. ऊन पडले, इन्सुलेटर वाळला की तोच फिडर निमूट चालू होतो आणि दोष न सापडताच पुढच्या पावसाची वाट पाहत खांबावर बसून राहतो. ‘काही न करता आपोआप आली’ असे आपण म्हणतो, त्या प्रत्येक वेळी हा प्रकार झालेला असण्याची शक्यता असते.

हा उशीर तासगावला इतर तालुक्यांपेक्षा जास्त महाग पडतो. ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षाचे वाण याच तालुक्यातल्या बोरगावचे. इथले पीक पाण्याच्या वेळापत्रकावर चालते आणि ते वेळापत्रक विजेवर. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आवर्तनाने येते. पाळी आली तेव्हा विहिरीवरची किंवा शेततळ्यावरची मोटर बंद असेल, तर ठिबकमधून सोडायचे खतही राहते आणि पाणीही. शेतीच्या वाहिनीला थ्री फेज मिळते ती दिवसाचे काही तास. त्यातले चार गेले तर ते भरून देण्याची सोय नाही. बेदाण्याच्या शीतगृहांना जनरेटर असतो, पण डिझेलवर रात्र काढली की तो खर्च शेवटी भाड्यातूनच निघतो.

पैशांपेक्षा मोठा धोका जिवाचा आहे. चिरलेल्या इन्सुलेटरमधून प्रवाह अँगलमध्ये आणि तिथून खांबात उतरतो. खांबाचे अर्थिंग ठीक असेल, तर ब्रेकर पडतो आणि आपल्याला फक्त अंधार दिसतो. अर्थिंगची तार चोरीला गेली असेल किंवा गंजून तुटली असेल, तर प्रवाह ब्रेकर पाडण्याइतका वाढतच नाही. वाहिनी चालू राहते आणि ओला खांब, त्याचा ताण किंवा त्याच्याभोवतीची ओली जमीन जिवंत होते. पावसाळ्यात खांबाला बांधलेली म्हैस दगावल्याच्या बातम्या येतात, त्यांच्यामागे अनेकदा हीच साखळी असते.

करडा इन्सुलेटर वेगळा कसा?

नावाप्रमाणेच तो संयुक्त आहे. पोर्सिलेनमध्ये एकच पदार्थ भारही पेलतो आणि वीजही अडवतो. कंपोझिटमध्ये ही कामे वाटून दिली आहेत. आत इपॉक्सीत बसवलेल्या काचतंतूंची सळई असते, ती ताण घेते. तिच्यावर सिलिकॉन रबराचे आवरण आणि झालरी असतात, त्या पाणी आणि धूळ सांभाळतात. दोन्ही टोकांना जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी टोप्या यंत्राने दाबून बसवतात. सत्तरच्या दशकात जर्मनी आणि अमेरिकेत उच्चदाब वाहिन्यांवर असे इन्सुलेटर व्यापारी प्रमाणात येऊ लागले. भारतात त्यांचे नाव झाले ते उत्तरेकडच्या धुक्यामुळे. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-पंजाब-उत्तर प्रदेशच्या पट्ट्यात धूळ आणि दाट धुके एकत्र येऊन पारेषण वाहिन्या एकामागून एक पडायच्या. त्यावर उपाय म्हणून पॉवरग्रिडने त्या भागात पोर्सिलेन काढून मोठ्या प्रमाणात पॉलिमर बसवले. म्हणजे तासगावच्या पहाटेच्या धुक्यात जे लहान प्रमाणात होते, त्याच दुखण्यावरचे हे औषध.

सिलिकॉनचा खरा गुण अळवाच्या पानासारखा आहे. चिनी मातीच्या चकचकीत पृष्ठभागावर पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो. सिलिकॉनवर पाण्याचे सुटे थेंब होतात आणि दोन थेंबांमध्ये कोरडी जागा राहते. विजेला सलग वाट मिळत नाही. अळवाच्या पानावर धूळ बसली, तर हा गुण कमी होतो. सिलिकॉन इथे अळवाच्याही पुढे जाते. त्याच्यातले तेलासारखे हलके रेणू हळूहळू बाहेर झिरपतात, वर साचलेल्या धुळीत मुरतात आणि ती धूळच पाणी झटकू लागते. या कामाला काही तास ते काही दिवस लागतात. सततच्या ठिणग्यांनी हा गुण काही काळ हरवला, तरी विश्रांती मिळाली की तो परत येतो. चिनी मातीकडे असे काही नाही.

दुसरा फायदा आरपार छेद जाण्याबाबतचा. डिस्कच्या जागी येणाऱ्या कंपोझिटमध्ये एका टोकाच्या लोखंडापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचतंतूंची अखंड सळई असते, पातळ थर नसतो. त्यामुळे विजेचा झटका बाहेरून जातो, आतून भोक पाडत नाही. तिसरा फायदा वजनाचा. पोर्सिलेनची एक डिस्क चार-पाच किलोची, तिच्या जागी येणारी पॉलिमरची किलोच्या आसपास. नऊ मीटरच्या खांबावर एका हाताने पकडून उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कोष्टकातून समजावून सांगावा लागत नाही.

आणि चौथा, ज्याचा उल्लेख तांत्रिक पुस्तकांत ‘खोडसाळपणा’ या मथळ्याखाली येतो. ज्वारीच्या रानात पाखरे हाकायला गोफण चालते, पोरे नेम धरायला खांबच निवडतात. दगड बसला की चिनी मातीचा घेर टवका उडून पडतो. रबराला त्याचे काही वाटत नाही.

मग तो बिघडतच नाही का?

बिघडतो, आणि वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. इथेच गावात सांगितली जाणारी गोष्ट अर्धी राहते.

चिनी माती हा निर्जीव दगड आहे. ऊन, अतिनील किरण, वाळवी, उंदीर यांचे तिला सोयरसुतक नाही. पन्नास वर्षे जुने, अजून ठणठणीत असलेले पोर्सिलेन इन्सुलेटर कुठेही दाखवता येतील. रबर मात्र सेंद्रिय जगाच्या जवळचे आहे, त्याला वय असते. सिलिकॉनमधला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध साध्या रबरातल्या कार्बनच्या बंधापेक्षा उन्हाला जास्त दाद देत नाही, म्हणून ते बरेच टिकते. पण ‘पॉलिमर’ या एका शब्दाखाली सगळेच सिलिकॉन नसते. ईपीडीएम नावाचे दुसरे रबर स्वस्त आणि मजबूत आहे, परंतु पाणी झटकण्याचा त्याचा गुण उन्हात लवकर जातो आणि सिलिकॉनसारखा परत येत नाही. नवे असताना दोन्ही करडे, दोन्ही गुळगुळीत. खांबाखालून पाहणाऱ्याला फरक कळणे अशक्य.

खरी मर्मस्थाने दोन. एक, टोपी आणि रबर जिथे मिळतात ती सांध्याची जागा. दुसरी, सळई आणि रबर यांच्यातला चिकटपणा. सांध्यातून पाणी आत गेले, तर सळईच्या बाजूने कार्बनची काळी रेघ आतल्या आत सरकत जाते. बाहेर झालरी तशाच टवटवीत. त्याहून विचित्र प्रकार मोठ्या दाबाच्या वाहिन्यांवर पाहिला गेला आहे. पाणी आणि ठिणग्यांतून तयार झालेले आम्ल काचतंतू खाते आणि सळई करवतीने कापावी तशी सपाट तुटते, तीही तिच्या क्षमतेपेक्षा कितीतरी कमी ताणावर. ११ केव्हीवर विजेचा ताण कमी असल्याने हे क्वचित घडते, पण घडले तर तार थेट जमिनीवर येते. चिनी मातीची डिस्क फुटली तरी बऱ्याचदा टोपी आणि पिन एकमेकींत अडकून तार लोंबकळत का होईना वर राहते.

म्हणजे पोर्सिलेनमधला दोष आत दडतो, तसाच पॉलिमरमधलाही. फरक असा की चिनी मातीला कसे ओळखायचे हे तीन पिढ्यांच्या वायरमनना अनुभवाने माहीत आहे. मेगर आहे, ठोकून आवाज ऐकण्याची सवय आहे. पॉलिमरला ठोकून काही कळत नाही. त्याला पाहावे लागते ते झालरींवरची पांढरी भुकटी, काळी रेघ, टोपीजवळची फट. आणि पिचकारीने पाणी उडवून थेंब सुटे राहतात की पसरतात ते. या शेवटच्या परीक्षेचे सात दर्जे ठरलेले आहेत. पहिल्यात गोल सुटे थेंब, सातव्यात सलग पापुद्रा. पिचकारी आणि सात फोटोंचा एक कागद एवढ्यावर ही चाचणी होते. उन्हाळ्यातल्या देखभालीच्या शटडाऊनमध्ये प्रत्येक फिडरवर पाच-सात नमुने असे पाहिले, तरी कोणता माल म्हातारा होतो आहे हे बरेच कळेल. ती सवय अजून आपल्याकडे रुजलेली नाही.

हाताळणीचाही प्रश्न आहे. चिनी माती फुटते म्हणून सगळे तिला जपतात. रबर फुटत नाही म्हणून ते ट्रॉलीतून फेकले जाते, दोरीने झालरी आवळून वर ओढले जाते, प्रसंगी त्यावर पाय ठेवून चढले जाते. झालर फाटून सळई उघडी पडली की त्या इन्सुलेटरचे आयुष्य संपले, मग तो नवा का असेना. गोदामात उंदीर रबर कुरतडतात आणि वीज नसलेल्या नव्या वाहिनीवर पक्षी चोची मारतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यामुळे वाहिनी उभी करून महिनोन्महिने चार्ज न करता ठेवणे पॉलिमरला मानवत नाही.

चांगला माल ओळखायचा कसा?

खांबावर ओळखता येत नाही म्हणून तो खरेदीच्या आधी ओळखावा लागतो. पॉलिमर इन्सुलेटरसाठी आयईसी ६२२१७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यातल्या चाचण्या निर्दयी आहेत. सळईचा रबरासकट तुकडा कापून मिठाच्या पाण्यात १०० तास उकळतात आणि मग त्यावर १२ हजार व्होल्ट एक मिनिट लावतात. त्यातून एक मिलिअँपियरपेक्षा जास्त प्रवाह गेला, तर नापास. सळईचे काप रंगीत द्रावात उभे करतात. पंधरा मिनिटांत रंग वर चढला, तर आत पोकळ्या आहेत हे उघड होते. मिठाच्या धुक्यात १००० तास विजेखाली ठेवण्याची चाचणीही आहे. रबरात अ‍ॅल्युमिनाची एक पूड मिसळलेली असते, ती ठिणग्यांनी रबर जळण्यापासून वाचवते. ती किती घातली आणि सिलिकॉन किती, यावर किंमतही ठरते आणि आयुष्यही.

यातल्या बहुतेक चाचण्या एकदाच, नमुन्यावर होतात. गोम इथेच आहे. नमुना उत्तम असतो. त्यानंतर वर्षभर येणारा माल तसाच आहे का, हे प्रत्येक खेपेतून चार नग उचलून कापल्याशिवाय कळत नाही. सर्वांत कमी दराच्या निविदेत किंमत पाडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे रबरातले सिलिकॉन आणि सळईचा दर्जा. त्याचा परिणाम पहिल्या पावसाळ्यात दिसत नाही. सात-आठ वर्षांनी दिसतो, तेव्हा ठेकेदाराची हमी बहुधा संपलेली असते. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांच्या वितरण सुधारणा योजनेतून देशभर वाहिन्यांची कामे सुरू आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणात माल उचलला जात असताना नमुने कापण्याचा कंटाळा महागात पडू शकतो.

सगळे बदलले तर लाइट जाणार नाही?

जाईल, पण कमी वेळा. वाऱ्याने तारांवर पडणारी फांदी, सैल गाळ्यात एकमेकींना चिकटणाऱ्या तारा, सुटलेला जंप, डीपीत शिरलेली पाल, वाकलेला खांब यांवर कोणताही इन्सुलेटर उपाय करू शकत नाही. वळवाच्या वादळात तर बहुतेक वेळा हेच दोष आधी होतात. इन्सुलेटर बदलून झाडाची फांदी तशीच ठेवली, तर खर्च वाया.

शिवाय बदल तुकड्यातुकड्याने होतो. एखादा इन्सुलेटर फुटला की त्या खांबावर करडा बसतो, शेजारच्या सोळा खांबांवर पांढरे तसेच. वळणावर पॉलिमरच्या डिस्क आणि मधल्या सरळ भागात जुने पिन, हे दृश्य तर सर्रास दिसेल. पण आरपार छेदाचे दुखणे सर्वाधिक पिनचेच आहे. पहिली सर त्या हजारांतला सर्वांत कच्चा नेमका शोधून काढते. सुट्या बदलापेक्षा एका फिडरचा सर्वाधिक त्रासाचा तुकडा घेऊन तो सलग बदलणे शहाणपणाचे. त्यासाठी कोणत्या खांबावर कधी काय बिघडले याची नोंद लागते. खांबांवर क्रमांक रंगवलेले असतील, तर ती जनमित्राच्या वहीत राहते. नसतील तर ‘पाटलांच्या विहिरीजवळचा तिसरा’ एवढीच राहते आणि तो जनमित्र बदलून गेला की तीही नाही.

ग्राहकाच्या हातात काय?

रात्री खांबावर ठिणग्या दिसल्या किंवा ‘चर्रर्र’ आवाज आला, तर तो खांब लक्षात ठेवून १९१२ वर कळवावे. वर दिलेले दोष शोधण्याचे गणित पाहिले, तर एका शेतकऱ्याने सांगितलेला एक नेमका खांब जनमित्रांची आख्खी रात्र वाचवू शकतो. पाऊस थांबून लाइट आली, तरी हे कळवावे, कारण दोष गेलेला नसतो, वाळलेला असतो. खांबाला किंवा त्याच्या ताणाला जनावर बांधू नये, अर्थिंगची तार तुटलेली दिसली तर हात न लावता कळवावी.

वीजपुरवठा ठरावीक मुदतीत पूर्ववत झाला नाही, तर भरपाई मागण्याचा हक्क राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीने दिलेला आहे. त्यासाठी तक्रारीची वेळ आणि क्रमांक हवा. तासगावात बहुतेक तक्रारी वायरमनच्या मोबाइलवरच होतात. त्याने लाइट लवकर येतेही, पण नोंद कुठेच राहत नाही. मग सावळजचा फिडर वर्षात किती वेळा पडला आणि कोणत्या खांबामुळे, हे विचारायला गेलेल्याला उत्तर देण्यासाठी कार्यालयाकडेही कागद नसतो.

येत्या पावसाळ्याआधी आपल्या बांधावरच्या वाहिनीकडे एकदा मान वर करून पाहायला हरकत नाही. पांढरे किती, करडे किती, टवका उडालेला एखादा आहे का, खांबाला क्रमांक आहे का. हे जमिनीवरूनच पाहायचे, खांबाला हात न लावता.